बल, बस, बहर, बळ आणि दहा डिस्ट्रो

माझ्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांमध्ये चार शब्दांची एक यादी आहे : बल, बस, बहर, बळ. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, त्यामुळे अकारविल्हे लावल्यावर ‘बळ’ सर्वांत शेवटी यायला हवा. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या, तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी जागा दिलेली आहे, म्हणून ज्या यंत्राला मराठीचा क्रम माहीत नाही ते ‘बल, बळ, बस, बहर’ असे उत्तर देते आणि तेही बिनदिक्कत, कोणतीही चूक न दाखवता. ही एवढीशी चाचणी दहा वेगवेगळ्या लिनक्स डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांवर, आपोआप चालावी यासाठी गेली काही वर्षे मी जो खटाटोप केला, त्याची ही नोंद आहे.

हा प्रोग्रॅम पुस्तकाच्या शेवटी छापली जाणारी अकारविल्हे सूची तयार करतो. मुळात तो एका परिचित प्रकाशकासाठी लिहिला होता; पुढे दोन-तीन ग्रंथालयांनी तो आपल्या ग्रंथसूचीसाठी घेतला आणि त्याला पाठीमागे सतत चालणारी एक सेवाही जोडावी लागली. वापरणारे मोजकेच आहेत, पण त्यांची यंत्रे एकसारखी नाहीत. कोणाकडे उबुंटू आहे, कोणाकडे डेबियन, एके ठिकाणी रॉकी लिनक्स आहे, आणि एका ग्रंथालयातला सर्व्हर अजूनही सेंटओएस ७ वर चालतो, कारण तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि त्यानंतर त्याला हात लावण्याची कोणाची छाती झालेली नाही. म्हणून माझ्या यादीत आज सेंटओएस ७, रॉकी ८ आणि ९, डेबियन ११, १२ आणि १३, उबुंटू २२.०४ आणि २४.०४, फेडोरा आणि अल्पाइन अशा दहा ओळी आहेत.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केले. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम बिल्ड केला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारी फाइल बनवली, आणि ती फाइल पाठवून दिली. समोरच्या यंत्राने ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा अर्थाची एक ओळ छापली आणि काम थांबवले. जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या तळाशी असलेली सी भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संग्रह, आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर चालतो, उलट मात्र होत नाही. सेंटओएस ७ मध्ये ही लायब्ररी २.१७ आहे, रॉकी ८ मध्ये २.२८, रॉकी ९ मध्ये २.३४ आणि डेबियन १२ मध्ये २.३६. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड करावे आणि तीच फाइल सगळीकडे वाटावी. पायथॉनच्या जगात ‘मेनीलिनक्स’ नावाने हीच युक्ती प्रमाण ठरली आहे आणि तिच्या २०१४ च्या आवृत्तीचा पाया सेंटओएस ७ हाच होता.

माझ्या प्रोग्रॅमला ही युक्ती लागू पडली नाही, कारण मराठीचा क्रम तो आयसीयू नावाच्या लायब्ररीकडून विचारून घेतो. आयसीयू आपल्या फंक्शनच्या नावातच आवृत्तीचा आकडा चिकटवते. डेबियन १२ मधल्या आयसीयूत जे फंक्शन शेवटी ७२ लावून येते, तेच उबुंटू २४.०४ मध्ये ७४ लावून येते. त्यामुळे एका डिस्ट्रोवरची फाइल दुसऱ्यावर नेली की तिला आपले एकही फंक्शन सापडत नाही. आयसीयू प्रोग्रॅमच्या पोटात घालून पाठवणे शक्य होते, पण तिच्यातल्या भाषांच्या माहितीचा आकार माझ्या प्रोग्रॅमच्या कितीतरी पट आहे, आणि सुरक्षेच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळ्यांना नवी फाइल पाठवण्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली असती. प्रत्येक डिस्ट्रोसाठी वेगळे पॅकेज (यंत्रावर बसवायचा तयार गठ्ठा), त्याच डिस्ट्रोवर बिल्ड केलेले, हाच मार्ग उरला.

मग लॅपटॉपवर पाच व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) उभी राहिली. नवी आवृत्ती काढायची म्हणजे एकेक मशीन चालू करायचे, त्यात कोड ओढायचा, बिल्ड करायचा, चाचण्या चालवायच्या, पॅकेज बाहेर काढायचे. शनिवारची अख्खी दुपार त्यात जात असे, पण वेळ जाण्याचे मला फारसे वाईट वाटत नव्हते. वाईट वाटले ते एका सकाळी आलेल्या फोनमुळे. “सर, तुमचा प्रोग्रॅम बसला, पण सुरूच होत नाही,” असे ग्रंथालयातल्या ताई सांगत होत्या आणि मी माझ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम सुरू झालेला पाहत होतो. तासाभराने कारण सापडले. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘व्हिच’ ही, दुसरी कमांड कुठे आहे ते सांगणारी कमांड वापरलेली होती. त्यांच्या यंत्रावर ती नव्हती, आणि माझ्या मशीनवर ती होती, कारण भलत्याच कामासाठी कधीतरी मीच ती हाताने बसवली होती आणि विसरून गेलो होतो. अशा मशीनवर चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे घरच्याच मांडवात वाहवा मिळवणे होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : बिल्डची जागा दर वेळी रिकाम्यातून उभी राहिली पाहिजे आणि काम झाल्यावर मोडली पाहिजे. डेबियनचे लोक हे पूर्वीपासून करत आले आहेत. त्यांची ‘पीबिल्डर’ आणि ‘एसबिल्ड’ ही साधने प्रत्येक बिल्डसाठी कोरी मूळ प्रणाली मांडतात, पॅकेजने जाहीर केलेल्या गोष्टीच तेवढ्या तिच्यात बसवतात आणि काही जाहीर करायचे राहून गेले असेल तर बिल्ड तिथेच मोडतो. फेडोराच्या बाजूला हेच काम ‘मॉक’ करते. मी शेवटी कंटेनरवर, म्हणजे यंत्राच्या आत उभारता-मोडता येणाऱ्या बंदिस्त कप्प्यांवर, स्थिरावलो, कारण दोन्ही घराण्यांसाठी आणि अल्पाइनसाठी एकच यंत्रणा पुरते, आणि कंटेनर चालवायला पॉडमॅन वापरला तर त्यासाठी रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकारही लागत नाहीत.

मांडणी साधी आहे. एका फाइलमध्ये दहा ओळी आहेत; प्रत्येक ओळीत इमेजचे (कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्याचे) नाव, पॅकेज व्यवस्थापकाचे घराणे आणि लागणाऱ्या पॅकेजांची यादी आहे. ही यादी सगळ्यांना समान ठेवता येत नाही, कारण आयसीयूच्या विकसन-पॅकेजला डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘लिबआयसीयू-डेव्ह’ म्हणतात, फेडोरा आणि रॉकीमध्ये ‘लिबआयसीयू-डेव्हेल’ आणि अल्पाइनमध्ये ‘आयसीयू-डेव्ह’. नावांचे आपोआप रूपांतर करणारा हुशार कोड मी एकदा लिहिला होता आणि सहा महिन्यांनी फेकून दिला. दहा ओळींसाठी दहा याद्या हाताने लिहिणे कंटाळवाणे असले तरी वाचताना चूक पटकन दिसते. बाकीची स्क्रिप्ट शुद्ध पॉझिक्स शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या सगळ्या शेलना समान असलेल्या प्रमाण भाषेत आहे, कारण डेबियनवर ‘एसएच’ म्हणजे डॅश, फेडोरावर बॅश आणि अल्पाइनवर बिझीबॉक्सचे शेल. बॅशची एखादी सवय तिच्यात शिरली की फेडोरा, रॉकी आणि सेंटओएसच्या ओळी हिरव्या (उत्तीर्ण) राहतात आणि बाकीच्या लाल (नापास) होतात.

प्रत्येक ओळीसाठी मी एकाऐवजी दोन कंटेनर वापरतो, आणि या सगळ्या प्रपंचात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच आहे. पहिल्या कंटेनरमध्ये बिल्डसाठी लागणारा कंपायलर आणि हेडर फाइल असतात. तिथे पॅकेज तयार होते आणि तो मोडला जातो. दुसरा कंटेनर कोऱ्या इमेजवरून उभा राहतो, त्यात फक्त तयार झालेले पॅकेज आत जाते, ते त्या डिस्ट्रोच्या रीतीने बसवले जाते आणि मग चाचण्या चालतात. बिल्ड केला त्याच जागी चाचणी घेतली तर बिल्डसाठी आणलेल्या पॅकेजांच्या पंखाखाली राहून गेलेली गरज झाकली जाते. ‘व्हिच’ची चूक दुसऱ्या कंटेनरने पहिल्याच फेरीत फेडोराच्या ओळीत पकडून दाखवली, कारण त्या इमेजमध्ये ती कमांड नव्हती आणि माझ्या पॅकेजने ती मागितलेली नव्हती.

चार शब्दांच्या यादीने आपले मोल दाखवले ते अल्पाइनवर. बिल्ड झाला, पॅकेज बसले, प्रोग्रॅम सुरू झाला, आणि ‘बळ’ दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसला. २०२२ च्या अल्पाइन ३.१६ पासून आयसीयूची माहिती दोन पॅकेजांत विभागलेली आहे : आपोआप बसणाऱ्या पॅकेजात फक्त इंग्रजी असते आणि बाकीच्या भाषांसाठी ‘आयसीयू-डेटा-फुल’ वेगळे मागून घ्यावे लागते. लहान इमेज हा ज्यांचा बाणा आहे त्यांनी असे करावे हे समजण्यासारखे आहे. मला खटकले ते आयसीयूचे वागणे. मराठीची माहिती सापडली नाही तर ती सर्वसाधारण क्रमावर उतरते आणि चूक न कळवता फक्त इशारा देते. माझा कोड चूक तपासत होता, इशारा तपासत नव्हता. पॅकेजच्या गरजांमध्ये एक नाव वाढवले आणि कोडमध्ये तो इशारा ही चूकच धरली, तेव्हा ‘बळ’ आपल्या जागी गेला. प्रोग्रॅम कोसळला असता तर कोणीतरी लगेच फोन केला असता. चुकीच्या क्रमाने लागलेली सूची मात्र थेट छापखान्यात गेली असती.

दर वेळी रिकाम्यातून उभारणी करायची म्हटले की एक नवी अडचण येते. रिकाम्या जागेत जे येते ते बाहेरून येते, आणि बाहेरचे जग स्थिर नाही. मंगळवारी हिरवा असलेला बिल्ड बुधवारी लाल व्हायचा आणि मधल्या काळात मी एक अक्षरही बदललेले नसायचे. ‘डेबियन १२’ हे इमेजचे नाव एका हलत्या पाटीसारखे आहे. तिच्यामागची इमेज अधूनमधून बदलत असते. यावर पुष्कळ जण सगळे गोठवून टाकण्याचा सल्ला देतात. नावाऐवजी इमेजचा, तिच्या मजकुरातूनच निघणारा, शा-२५६ ठसा लिहावा, आणि डेबियनसाठी तारीखवार जपलेल्या ‘स्नॅपशॉट’ संग्रहातून ठरावीक दिवशीची पॅकेजे घ्यावीत. मी ते केले. त्यात एक गंमत अशी की, जुन्या तारखेच्या सूचीची मुदत संपलेली असते म्हणून डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक एपीटी तिला हात लावत नाही आणि मुदत न तपासण्याचे त्याला वेगळे सांगावे लागते. पण ग्रंथालयातले यंत्र काही गोठलेले नसते. ते दर आठवड्याला अद्ययावत होते, आणि माझ्या गोठवलेल्या चाचण्या त्याच्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हत्या.

आता मी दोन्ही चालवतो. कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर गोठवलेली फेरी चालते. ती लाल झाली तर दोष माझा. रविवारी रात्री ताजी फेरी चालते, तिच्यात कोणताही ठसा किंवा तारीख बांधलेली नसते. गोठवलेली हिरवी आणि ताजी लाल असेल तर बाहेर काहीतरी हलले आहे. सोमवारी सकाळी चहा घेताना मला एवढेच पाहायचे असते. गोठवलेल्या तारखा दर तिमाहीला मी हाताने पुढे सरकवतो, आणि हे एक काम मी मुद्दामच स्वयंचलित केलेले नाही, कारण त्या निमित्ताने काय बदलले ते वाचले जाते.

ताज्या फेरीने दाखवलेला सर्वांत मोठा धक्का अर्थातच सेंटओएस ७ चा होता. ३० जून २०२४ रोजी त्याचा आधार संपला आणि त्यानंतर मिररची, म्हणजे पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची, यादी देणारा पत्ताच नाहीसा झाला. पॅकेज व्यवस्थापक ज्याच्याकडे मार्ग विचारत होता तो यजमानच सापडेना. पॅकेजे ‘व्हॉल्ट’ या जुन्या संग्रहात सुरक्षित होती, तिकडे पत्ता वळवल्यावर ओळ पुन्हा चालली. पण त्या दिवशी मी दहाही इमेजच्या प्रती स्वतःच्या डिस्कवर काढून ठेवल्या. त्याला आणखी एक कारण होते. इमेज वाटणाऱ्या डॉकर हबने २०२० च्या नोव्हेंबरपासून खाते नसलेल्यांना सहा तासांत १०० वेळाच इमेज ओढता येईल अशी मर्यादा आणली, ती आयपी पत्त्यावर मोजली जाते, आणि एकाच पत्त्यामागे बसलेल्या ऑफिसात दुपारी ती कधी संपली हे कोणालाच कळत नाही.

कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे, हे मला माहीत होते असे मी समजत होतो. उबुंटू २२.०४ ची ओळ प्रथम जोडली तेव्हा कंटेनरच्या आत एकही थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणारे काम) तयार होईना. ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर. जीलिबसी २.३४ पासून थ्रेड तयार करण्यासाठी ‘क्लोन३’ हा नवा सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, केलेली विनंती) आधी वापरून पाहिला जातो. तो उपलब्ध नाही असे कर्नलने सांगितले तर जीलिबसी निमूटपणे जुन्या मार्गाने जाते. पण माझ्या यंत्रावरचा, कंटेनर चालवणारा जुना डॉकर त्या अनोळखी कॉलला ‘उपलब्ध नाही’ म्हणण्याऐवजी ‘परवानगी नाही’ म्हणत होता, आणि ते उत्तर जीलिबसीला अंतिम वाटत होते. डॉकर २०.१०.१० मध्ये हे सुधारले होते. आतली डिस्ट्रो कितीही नवी असली तरी ती बाहेरच्या यजमानाच्या कर्नलवर आणि त्याच्या दारवानाच्या मर्जीवर जगते, हे त्या दिवशी नीट उमगले.

म्हणून पाठीमागे चालणाऱ्या सेवेच्या चाचण्या मी कंटेनरमधून काढून खऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये नेल्या. या मशीनही टाकाऊच असतात. डिस्ट्रोने दिलेली क्लाउड इमेज तशीच ठेवायची, तिच्यावर एक पातळ क्यूकाऊ२ थर (फक्त बदल साठवणारी डिस्क-फाइल) टाकायचा, क्लाउड-इनिटला पहिल्या बूटच्या सूचना द्यायच्या, आणि काम झाले की तो थर पुसून टाकायचा. सुरू व्हायला कंटेनरपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणून ही फेरी फक्त रविवारी चालते. तिने पहिल्याच रविवारी जे दाखवले त्याने माझी झोप उडाली. सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीसाठीच्या फाइलमध्ये मी ‘डायनॅमिकयूजर’ लिहिले होते, म्हणजे सेवा तात्पुरत्या, अधिकारहीन वापरकर्त्याच्या नावाने चालावी. सेंटओएस ७ मध्ये सिस्टिमडी २१९ आहे. त्याला हा शब्द कळत नाही, आणि न कळलेला शब्द लॉगमध्ये नोंदवून तो सरळ पुढे जातो. वापरकर्ता दुसरीकडे कुठे सांगितलेला नव्हता, त्यामुळे सेवा रूट म्हणून चालू होती. ती सगळ्या अर्थांनी ‘चालू’ होती; चाचणीने तिला प्रश्न विचारला असता तर उत्तरही बरोबर आले असते. मी केवळ उत्सुकता म्हणून प्रक्रियेच्या मालकाचे नाव तपासणारी एक ओळ घातली होती. आता पॅकेज स्वतःचा वापरकर्ता तयार करते आणि त्याचे नाव फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेले असते, जुन्या पद्धतीने.

असाच एक मूक दोष वेळेचा होता. माझ्या नमुना सेटिंग फाइलमध्ये कालक्षेत्राचे नाव जुन्या वळणाने ‘एशिया/कॅलकटा’ असे होते. उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये अशी जुनी नावे मुख्य पॅकेजातून काढून ‘टीझेडडेटा-लेगसी’मध्ये ठेवली आहेत. नाव सापडले नाही की जीलिबसी तक्रार करत नाही, वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजते. नोंदी साडेपाच तास मागे जातात आणि रात्री एकची नोंद आदल्या दिवसाच्या खात्यात पडते. ‘कॅलकटा’चे ‘कोलकाता’ केल्यावर सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. भारतात लिहिलेल्या किती सेटिंग फाइलींमध्ये ते जुने नाव अजून बसलेले असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

सध्याची ओढाताण दोन टोकांची आहे. सेंटओएस ७ वर आयसीयू ५० आणि जीसीसी ४.८.५ हा कंपायलर आहे, जो सी प्लस प्लस भाषेच्या ११ या मानकाच्या पुढे जात नाही. डेबियन १३ वर आयसीयू ७६ आहे, आणि आयसीयू ७५ पासून सी प्लस प्लस १७ शिवाय तिची हेडरच वाचली जात नाहीत. मधल्या आयसीयू ६८ ने मोठ्या अक्षरांतले ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ काढून टाकले होते, ते डेबियन ११ च्या ६७ वर कळले नाही आणि उबुंटू २२.०४ च्या ७० वर एकदम अंगावर आले. आता कोड ११ च्या मर्यादेत लिहायचा, आणि कंपायलरला कोणते मानक सांगायचे ते बसवलेल्या लायब्ररींची माहिती देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगने सांगितलेल्या आयसीयूच्या आवृत्तीवरून ठरवायचे, अशी तडजोड चालू आहे. डिस्ट्रोच्या नावावरून असे निर्णय घेणे मी सोडले आहे. नावे बदलतात, आवृत्त्या मोजता येतात.

गेल्या महिन्यात ताज्या फेरीत फेडोराची ओळ लाल झाली. बिल्डच्या सूचना वाचणारा सीमेक ४ आला होता, आणि किमान आवृत्ती ३.५ च्या खाली सांगणाऱ्या फाइली तो आता नाकारतो. माझ्या फाइलमध्ये सेंटओएस ७ साठी २.८.१२ लिहिलेले होते. एका टोकाला ते हवे होते, दुसऱ्याला ते चालत नव्हते. उत्तर दस्तऐवजात सापडले : किमान आकड्यापुढे तीन टिंबे देऊन कमाल आकडा लिहायचा. नवा सीमेक ती टिंबे वाचतो आणि वरचा आकडा ग्राह्य धरतो. जुन्याला ती कळत नाहीत, त्यामुळे तो पुढचा भाग सोडून देतो. एका ओळीत तीन टिंबे घातली आणि दहाही ओळी हिरव्या झाल्या. सेंटओएसचा सर्व्हर दिवाळीनंतर बदलू, असे ग्रंथालयातल्या ताईंनी सांगितले आहे. कोणती दिवाळी ते मी विचारलेले नाही.